सीट काचते तेव्हा : मांडवा ते श्रीवर्धन

अलिबागच्या पुढे समुद्र उजव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे जाणारा रस्ता आम्ही आजवर एसटीच्या खिडकीतूनच पाहिला होता. कुणाच्या लग्नाला मुरुड, सुट्टीत श्रीवर्धन, कुणाची खाला म्हसळ्याला तर कुणाचं माहेर बोर्ली पंचतनला. या जानेवारीत तोच रस्ता आम्ही पाचजणींनी सायकलवरून केला. पाचजणी म्हणजे दोन शिक्षिका, दवाखान्यात वीस वर्षं काढलेल्या नर्स आपा, घरी शिवणकाम करणाऱ्या भाभी आणि त्यांची कॉलेजात शिकणारी नणंद. नणंद बावीस वर्षांची, नर्स आपा चोपन्नच्या. भाभींचे शोहर सामानाची गाडी घेऊन संध्याकाळी मुक्कामावर भेटत. दिवसभर रस्ता आमचा.

कोकणच्या प्रवासात समुद्र, सुपारीच्या वाड्या, किल्ला आणि मासळी हे सगळं येतंच. इथेही येईल. पण या तीन दिवसांत आम्ही सर्वांत जास्त बोललो ते एका अशा गोष्टीवर, जिच्यामुळे कितीतरी बायका सायकल सोडतात आणि कारण सांगत नाहीत. सीट काचते. मांड्यांच्या आतल्या बाजूला, जांघेत, आणि बोट दाखवून सांगता येत नाही अशा जागी कातडी घासून लाल होते, आग होते, कधी सालटं निघतं. पुरुषांनाही हे होतं. ते टपरीवर चहा पिता पिता एकमेकांना मलमाचं नाव सांगून मोकळे होतात. बाई घरी जाते, सायकल भिंतीला लावते आणि ‘वेळच मिळत नाही’ म्हणते.

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट साधारण तासाभरात मांडव्याला पोचवते. सायकल बोटीवर चढवायला त्रास नाही, गाड्यांच्या शेजारी कडेला उभी करायची. मांडव्यापासून अलिबाग वीसेक किलोमीटर, रस्ता बहुतेक सपाट. सकाळची थंड हवा, वाडीतून येणारा ओल्या मातीचा वास. या टप्प्यात सगळ्यांचंच छान चाललं होतं. सायकलची सीट सुरुवातीच्या तासाभरात कधी तक्रार करत नाही.

अलिबाग सोडलं की नागाव, चौल, रेवदंडा अशी एकाला एक लागून गावं येतात. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळी, मधून अरुंद रस्ता, दगडी गडगे. चौल हे एकेकाळचं मोठं बंदर होतं. अरब, इराणी व्यापाऱ्यांची गलबतं इथे लागत. आज त्या बंदराची आठवण शोधावी लागते. रेवदंड्याची पोर्तुगीज तटबंदी मात्र रस्त्यावरूनच दिसते. गावात शिरताना आपण तिच्यातूनच जातो. पुढे कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडून साळाव, आणि मग डोंगराच्या सोंडेवर किल्ला घेऊन बसलेलं कोर्लई. या लहानशा गावातली काही ख्रिस्ती कुटुंबं आजही घरात पोर्तुगीजमधून निघालेली एक वेगळीच बोली बोलतात. आमच्यातल्या शिक्षिका बाईंना तिथे थांबून ती ऐकायची होती, पण अकरा वाजून गेले होते आणि ऊन चढलं होतं.

काचायला सुरुवात झाली ती इथे. नणंद पायडल मारता मारता सारखी सीटवर डावी-उजवीकडे सरकत होती. नर्स आपांनी ते मागून पाहिलं आणि पुढच्या सावलीला सगळ्यांना थांबवलं.

त्यांनी आम्हाला समजावलं ते असं. काचेच्या ग्लासावरून कोरडं बोट ओढा, सरकतं. तेच बोट जरा दमट असू द्या, अडकत अडकत जातं. कातडीचंही तसंच. घामाने ती मऊ पडते आणि कपड्याला धरून बसते. सायकलवर मिनिटाला साठ-सत्तर वेळा पाय खालीवर होतो, म्हणजे तासाभरात चारेक हजार वेळा तीच जागा त्याच शिवणीवर घासते. वर अंगाचा भार. घाम, घासणं आणि दाब हे तिघं एकत्र आले की कातडी टिकत नाही. घाम सुकला की त्यातलं मीठ मागे राहतं, तेही बारीक रेतीसारखं काम करतं. म्हणून उपाय करायचा तो या तिघांवर. मलम हा त्यातला फक्त एक तुकडा.

आपांनी आणखी एक भेद सांगितला तो फार उपयोगी वाटला. नव्याने सायकल चालवणाऱ्या प्रत्येकीला बसण्याची हाडं दुखतात. आपण कडक बाकावर बसलो की खाली जी दोन हाडं टेकतात, ती. हे दुखणं रोज थोडी थोडी सायकल चालवली की दोन-तीन आठवड्यांत आपोआप कमी होतं. पण कातडीची आग सवयीने कमी होत नाही. तिच्यावर तसंच दामटून चालवलं तर ती वाढतच जाते. ‘सवय होईल’ हे वाक्य पहिल्या दुखण्याला लागू आहे, दुसऱ्याला नाही. आणि बायकांना दोन्हीसाठी तेच ऐकवलं जातं.

काशीदच्या आधीचा चढ आम्ही निम्मा चालवत आणि निम्मा हातात सायकल धरून केला. त्यात लाज कसली? चालल्याने सीटपासून सुटका होते आणि हवा लागते. उतारावर मात्र सगळ्यांनी एक नियम पाळला. दोन्ही पायडल आडवी एका पातळीत आणायची, त्यांच्यावर जोर द्यायचा आणि सीटवरून बोटभर उठायचं. सपाटीवरही दर दहा-पंधरा मिनिटांनी असं उठायचं. दाबून राहिलेल्या जागेत रक्त पुन्हा खेळतं आणि कपडा नीट बसतो. काशीदच्या सुरूच्या झाडांखाली तासभर विसावलो, जोहरची नमाज झाली, डबे उघडले. नांदगाव मागे टाकून मुरुडला पोचलो तेव्हा असर झाली होती. दिवसभरात सत्तरेक किलोमीटर.

मुक्कामावर पोचल्यावर आपांचा हुकूम होता की चहा नंतर, आधी आंघोळ. ओल्या कपड्यात गप्पा मारत बसणं हे सर्वांत वाईट. साधं पाणी, सौम्य साबण, आणि नंतर टॉवेलने न घासता नुसतं टिपून पूर्ण कोरडं करायचं. जंतुनाशक पाणी टाकायचं नाही. सोललेल्या कातडीला ते भाजतं. रात्री सैल सुती कपडा. ज्या जागी नुसती लाली आहे तिथे लहान बाळांच्या लंगोटाच्या जागी लावतात ते झिंक ऑक्साइडचं मलम. ते घरात बाळ असलेल्या प्रत्येक मुलखात मिळतं आणि दुकानदाराला काही सांगावं लागत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा.

सकाळी निघण्यापूर्वी लावायचं ते वेगळं. पेट्रोलियम जेली, घासणाऱ्या जागी पातळ थर. खोबरेल तेलही चालतं, पण ते लवकर जिरतं, दुपारी पुन्हा लावावं लागतं. पावडर मात्र नको. आमच्यापैकी दोघींच्या पिशवीत ती होती, घरोघरी असतेच. घामात भिजली की तिच्या गुठळ्या होतात आणि त्याच घासायला लागतात. शिवाय त्या जागी बायकांनी ती वापरूच नये असं आपांचं स्पष्ट मत. साफसफाईबद्दलही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. वस्तरा फिरवायचा तर प्रवासाच्या चार-पाच दिवस आधी, आदल्या रात्री नाही. ताज्या वस्तऱ्यावर घाम आणि घर्षण म्हणजे प्रत्येक केसाच्या मुळाशी पुळी.

मुरुडमध्येच एक प्रकार झाला. नणंदेला जांघेत दिवाळीपासून खाज होती. गोल चट्टा, कडा उठलेल्या, मध्ये बरा झाल्यासारखा. ती गुपचूप औषधाच्या दुकानात जाऊन एक ट्यूब घेऊन आली. आपांनी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली आणि ती बाजूला ठेवली. बुरशीच्या औषधाबरोबर त्यात स्टिरॉइड मिसळलेलं होतं. अशा मलमाने दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो, आणि बुरशी आतल्या आत पसरत राहते. मग वर्ष-वर्ष तो नायटा जात नाही, कातडी पातळ पडते. घासून झालेली लाली आणि नायटा हे दोन वेगळे आजार आहेत, त्यांचं औषध वेगळं. गोल कडेचा, खाजणारा चट्टा असेल तर कातडीच्या डॉक्टरांना दाखवायचं. लाजेपोटी दुकानदाराला ‘खाजेचं काहीतरी द्या’ म्हणायचं नाही. नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला औषधाचं काही वाटलं नव्हतं. इतके महिने कुणाला सांगता आलं नाही, याचं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सायकली मुक्कामावर ठेवून राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा पाहिला. अगदी जवळ जाईपर्यंत त्याचा दरवाजा दिसत नाही, ही त्याची ख्याती खरी आहे. आत गोड्या पाण्याचे तलाव, चहूबाजूंना खारं पाणी. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी हा किल्ला राखला, आणि त्यांचं संस्थान देश स्वतंत्र झाल्यावर १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत टिकलं. कलालबांगडी तोफेजवळ गर्दी असते. आम्हाला जास्त आवडलं ते खोकरी. मुरुडहून आगरदांड्याच्या बाजूला, रस्त्यालगत सिद्दी सरदारांचे तीन दगडी मकबरे आहेत, सुरूलखानाचा सर्वांत मोठा. तिथे फारसं कोणी नव्हतं. फातेहा पढून थोडा वेळ ओट्यावर बसलो. दगड थंड होता आणि बसायला सीटपेक्षा कितीतरी बरा, असं भाभी म्हणाल्या.

आगरदांडा ते दिघी फेरीबोट आहे. राजपुरीची खाडी ओलांडायला पाव तास पुरतो. बोटीत मासळीच्या टोपल्या घेतलेल्या कोळणी आणि बाजाराला निघालेल्या आमच्याच समाजाच्या काही बायका होत्या. त्यांनी हेल्मेटखालचा स्कार्फ, गुडघ्यापर्यंतचा कुर्ता, सायकली, सगळं न्याहाळलं. कुठून आलात, सोबत कोण, जेवलात का. मग त्यातल्या एकीने आवाज खाली आणून विचारलं, “बसायला त्रास नाही होत?” आम्ही एकमेकींकडे पाहून हसलो. बोट लागेपर्यंत तोच विषय. ती लहानपणी आब्याच्या सायकलवर शिकलेली, लग्नानंतर चालवलीच नाही. पहिलं कारण सासर सांगितलं. दुसरं कारण सांगितलं ते बोट धक्क्याला लागता लागता, आणि ते हेच होतं.

दिघीहून बोर्ली पंचतनपर्यंतचा रस्ता चढउतारांचा. संध्याकाळी भाभींच्या माहेरी मुक्काम. दस्तरखानवर तांदळाच्या रोट्या, सुरमईचं कालवण, शेवटी नारळाच्या दुधाबरोबर सांदण. घरातली पोर, भाभींच्या भावाची मुलगी, नववीत. शाळा चार किलोमीटर. पडवीत तिची लेडीज सायकल उभी होती, टायर बसलेले, हँडलवर कोंबडी चढलेली. दादी म्हणाल्या, “दिवाळीपासून हात लावत नाही. वडापच्या रिक्षाला पैसे जातात. आळशी झालीय.” मुलगी काही बोलली नाही.

रात्री भांडी घासताना ती भाभींशी बोलली. शाळेतून आली की दोन्ही मांड्या सोललेल्या असायच्या. रात्री ती अम्मीच्या डब्यातलं खोबरेल लावून झोपायची आणि सकाळी पुन्हा तेच. एकदा कपड्याला रक्ताचा डाग लागला. ती पाळीची नव्हती, पण अम्मीला तेच वाटलं, आणि मुलीने तेच वाटू दिलं.

सकाळी भाभींनी तिची गणवेशाची सलवार मागितली आणि उलटी करून आमच्यासमोर धरली. टेरीकॉटचं जाड कापड. मध्ये चारही शिवणी एकाच ठिकाणी येऊन मिळालेल्या, आणि त्या ठिकाणी दोऱ्याची चण्याएवढी गाठ. सीटवर बसल्यावर भार बरोबर त्या गाठीवर. भाभी म्हणाल्या, “जुन्या बायका सलवारीला मियानी घालायच्या, ती काय हौस म्हणून?” मियानी म्हणजे दोन पायांच्या मधे लावायचा चौकोनी तुकडा. तो घातला की चार शिवणी एकत्र येत नाहीत, त्या पुढे-मागे आणि बाजूला सरकतात. मधला भाग नुसतं सपाट कापड राहतं आणि पाय पसरायला जागा मिळते. तयार कपड्यांत शिलाई वाचवायला मियानी गेली. ज्यांनी ती शोधून काढली त्यांच्यासमोर सायकल नव्हती, पण घोडा होता, जमिनीवर बसून दळणं होतं. दादी खाटेवरून ऐकत होत्या. त्यांनी पेटीतली आपली जुनी सलवार आणायला लावली. तिला मियानी होती, आणि कापड धुऊन धुऊन मलमलीसारखं झालेलं.

सैल सलवार सायकलला बरी, असं आपल्याला वाटतं. पडद्याच्या दृष्टीने बरी आहेच. पण तिच्या चुण्या सीट आणि मांडी यांच्यामध्ये गोळा होतात आणि त्या चुण्याच घासतात. आम्ही जुळवलेला उपाय असा की आत अंगाला बसणारी, मांडीच्या मध्यापलीकडे येणारी गुळगुळीत चड्डी घालायची, वर सलवार किंवा पँट, त्यावर कुर्ता. मांडी मांडीला घासते तेव्हा या आतल्या चड्डीचे लांब पाय कामाला येतात. लांब पल्ल्यासाठी सायकलची पॅड असलेली चड्डी मिळते. तिचा एक नियम बायकांना पटत नाही, पण तो पाळायचा असतो. तिच्या आत दुसरी चड्डी घालायची नाही, कारण मग घासणारी शिवण पुन्हा आत आली. ती अंगालगत असते म्हणून रोज धुवायची, एक धुतली तर दुसरी हवी. अंगालगतचं कापड शुद्ध सुती नको, हेही लक्षात ठेवा. सुती कापड घाम पितं आणि ओलं राहतं. रात्रीसाठी सुती, सायकलसाठी घाम लवकर सुकवणारं.

आणि वाळवणं. आपल्या घरांत बायकांची आतली कपडे दोरीवर उघडी दिसता कामा नयेत, म्हणून ती ओढणीखाली, परकराखाली, मोरीच्या कोपऱ्यात वाळतात. म्हणजे कोकणच्या हवेत वाळतच नाहीत. दमटच अंगात जातात, आणि नायट्याला घर मिळतं. बोर्लीच्या त्या घरात मागच्या अंगणात भिंतीची आडोसा असलेली, दुपारी ऊन येणारी एक जागा होती. आपांनी तिथे दोरी बांधून घेतली. लाजही राहिली, ऊनही मिळालं.

मग सायकल. नाक्यावरच्या सायकलवाल्या चाचांकडे नेली. सीट अगदी खाली होती, दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकतील अशी; पोरीने पडू नये म्हणून घरच्यांनी ती तशी ठेवून घेतलेली. खाली असलेल्या सीटवर गुडघे वर येतात, पायांवर भार येत नाही, सगळा भार सीटवर. बरोबर उंची पाहायची सोपी रीत आहे. कुणीतरी सायकल धरायची, आपण सीटवर बसून पायडल सर्वांत खाली न्यायचं आणि त्यावर टाच ठेवायची. पाय सरळ झाला की उंची बरोबर. मग चालवताना पंजा पायडलवर असतो तेव्हा गुडघा थोडा वाकलेला राहतो. त्याहून वर नेली तर कंबर दोन्ही बाजूंना डोलते आणि पुन्हा घासणं सुरू. चाचांनी पान्याने नट सैल केला, सीट चार बोटं वर घेतली. तिचं पुढचं नाक वर उचललेलं होतं, ते पाणसळीसारखं आडवं केलं. नाक वर असलं की पुढच्या नाजूक जागेवर दाब येतो, मुंग्या येतात. मुंग्या आल्या की थांबायचं. त्या अंगवळणी पाडायच्या नसतात.

सीटवर फोमचं जाड कव्हर होतं, मुलीच्या अब्बांनी प्रेमाने आणलेलं. तेही काढलं. मऊ सीट बरी वाटते ती दुकानात. रस्त्यावर हाडं फोममध्ये रुततात, फोम बाजूंनी वर येतो आणि नाजूक भागाला चिमटतो. शिवाय कव्हर सरकतं. सीट बायकांसाठी मागे रुंद हवी, कारण आपली बसण्याची हाडं साधारणपणे पुरुषांपेक्षा लांब लांब असतात. किती रुंद, हे घरी कळतं. दगडी पायरीवर खोक्याचा पुठ्ठा ठेवायचा, त्यावर घट्ट बसून गुडघे थोडे वर घ्यायचे, उठायचं. पुठ्ठ्यावर दोन खड्डे पडतात. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं आणि सीट मागच्या बाजूला त्याहून दोनेक सेंटिमीटर रुंद घ्यायची. आमच्या पाचजणींत हे अंतर एकसारखं निघालं नाही, आणि सर्वांत जाड बाईचं सर्वांत जास्त होतं असंही नाही.

त्या दिवशी आम्ही उशिरा निघालो. दिवेआगर गेलं, पुढे भरडखोल, शेखाडी, आरावी, कोंडविली. हा वीसेक किलोमीटरचा रस्ता डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या पट्टीवरून जातो. भरतीच्या वेळी लाटांचे तुषार अंगावर येतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरच्या बागा आडव्या केल्या होत्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली, पण पोफळ लावली की फळ धरायला वर्षं जातात. नव्या लावलेल्या वाड्या वाटेत दिसत होत्या, माणसाच्या उंचीच्या थोड्या वर गेलेल्या.

आमच्यातल्या एका शिक्षिका बाईंची याच दिवशी पाळी आली. अशा दिवसांत पॅडची प्लास्टिकची कड आणि पंख मांडीला कापतात, हे सायकल चालवणाऱ्या प्रत्येकीला माहीत असतं. आपांनी पातळ पॅड, वर घट्ट बसणारी आतली चड्डी, कडेला जेली आणि दर तीन-चार तासांनी बदल, असं सांगितलं. काहीजणी कप वापरतात, त्यांचा हा प्रश्नच मिटतो. बदलायला जागा कुठे? हा प्रश्न आम्हाला पडला नाही, कारण कोकणातल्या कुठल्याही घराच्या पडवीत जाऊन सलाम केला की मोरी दाखवतात आणि वर कोकमाचं सरबत देतात. म्हणून आम्ही पाणीही भरपूर प्यायलो. लघवीला जागा नाही म्हणून पाणीच न पिणं ही बायकांची जुनी सवय, आणि त्यातून जळजळ सुरू झाली की दोष सायकलला.

नर्स आपा स्वतःबद्दलही बोलल्या. पाळी गेल्यावर तिथली कातडी पातळ आणि कोरडी होते, लवकर फाटते. त्यामुळे पन्नाशीनंतर मलम आणि विसावा दोन्ही वाढवायचे. साखरेचा आजार असेल तर लहान जखमही डोळ्याआड करायची नाही. कुणालाही ताप आला, लाली पसरत चालली, पू झाला किंवा आत टणक दुखरी गाठ लागली तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टर गाठायचा. गळू फोडायचं नाही. आणि सालटं निघालं असेल तर बरं होईपर्यंत सायकल बंद, चार-पाच दिवस, मग पुढे कुठलाही किल्ला असो.

श्रीवर्धनला मगरिबच्या आधी पोचलो. किनाऱ्यावर थोडं बसलो, वाळूत. कुणालाच नव्याने सोललं नव्हतं. नणंदेने मात्र शेवटचे आठ किलोमीटर सामानाच्या गाडीतून केले, आपांच्या सांगण्यावरून. परतल्यावर ती कातडीच्या डॉक्टरांकडे गेली. महिनाभराहून जास्त औषध घ्यावं लागलं.

भाभींनी घरी आल्यावर मशीन काढलं. बोर्लीच्या मुलीसाठी घाम सुकवणाऱ्या होजिअरी कापडाच्या तीन लांब चड्ड्या शिवल्या, शिवण चपटी, मधे मियानी. चार किलोमीटरच्या शाळेला पॅडची गरज नसते. दोन गणवेशाच्या सलवारींचा मधला भाग उसवून त्यातही तुकडा घातला. पाकीट एसटीच्या पार्सलने गेलं. आठवड्याने मुलीचा फोन आला. चड्ड्या बरोबर बसल्या होत्या, पण वर्गातल्या आणखी दोघींना माप विचारायचं होतं, आणि ते कुठून कुठपर्यंत घ्यायचं हे तिला भाभींकडून नीट समजून घ्यायचं होतं.